शिखरावरचे नाना आणि रंगमंचावरचे नाना

तळेघरहून वर भीमाशंकरला जाणारा भाविक ज्या देवळापुढे हात जोडतो, त्याचं शिखर पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांनी बांधवलं, असं सांगतात. पुण्यात 16 डिसेंबर 1972 रोजी विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं, त्यातले नाना मात्र स्त्रीलंपट निघाले. कोतवालकी मिळावी म्हणून घाशीराम आपली पोटची पोर, ललितागौरी, त्यांच्या हवाली करतो. केवढा गदारोळ झाला! 19 प्रयोग होताहेत तोच, नाटक बसवणाऱ्या पीडीए या नाट्यसंस्थेनेच ते थांबवलं.

आता गंमत पाहा. या सौद्याला इतिहासात आधार नाही. आधार आहे तो भलत्याच गोष्टीला. 1791 मध्ये घाशीरामाने तेलंगी ब्राह्मणांना कोंदट कोठडीत डांबलं, 21 जण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचलं. हे खरं क्रौर्य कागदपत्रांत पावणेदोनशे वर्षं निवांत पडून होतं. झोंबला तो कधी न घडलेला सौदा.

कारण कागद नुसतं सांगतो, नाटक आपल्याला त्यात ओढतं. घाशीरामावर चोरीचा खोटा आळ येतो, त्याची विटंबना होते, तेव्हा आपण त्याच्या बाजूने असतो. तो सूड घेईन म्हणतो, तर आपण मनात म्हणतो, घे! मग तो मुलगी पुढे करतो. तोवर ओळीने उभे राहून गाणारे-नाचणारे ब्राह्मण पाठ फिरवून भिंत होतात आणि मागचं सगळं झाकून टाकतात. भास्कर चंदावरकरांच्या संगीतावर आपला पाय ठेका धरून असतो, तो एकदम अवघडतो.

'असलं दाखवावंच का?' हा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. पाप पात्राचं असतं. लेखकाला जाब विचारायचा तो एवढाच, की ते पाप पाहताना त्याने आपल्याला मजेत ठेवलं की अवघडवलं? या कसोटीवर तेंडुलकर खणखणीत उतरतात.

एक आक्षेप मात्र मी झटकणार नाही. नाना खरे होते, 1800 मध्ये वारले, खुलासा करायला येणार नाहीत. न केलेलं कर्म त्यांच्या नावावर का चढवायचं? हे ऐतिहासिक नाटक नाही, असं तेंडुलकर सांगत राहिले. तरी नाव उसनं घ्यायचं आणि इतिहास नाकारायचा, हे जरा सोयीचंच.

पण त्या नावावाचून नाटक लुळं पडतं का, याचा पडताळाही पुढे आपोआप झाला. थिएटर अकॅडमी या संस्थेने ते पुन्हा उभं केलं आणि 1980 मध्ये युरोपात नेलं. तिथल्या प्रेक्षकाला नाना कोण, पेशवाई कसली, हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. कुणा पूर्वजाची अब्रू राखायची नव्हती. समोर होता एक बाप आणि त्याने केलेला सौदा. नाटक तिथेही गाजलं.