मोटरीची जुनी केबल आणि ठिबकाचे अपुरे पाणी

शेवटच्या लॅटरलला पाणी कमी पडू लागले की आपण फिल्टर धुतो, आम्ल प्रक्रिया करतो, ड्रिपर बदलतो. ते योग्यच आहे. मात्र एवढे करूनही दाब येत नसेल किंवा मोटर पाळी संपण्याआधीच ट्रिप होत असेल, तर स्टार्टरपासून विहिरीपर्यंत गेलेली केबल पाहावी.

५ एचपीची थ्री-फेज मोटर पूर्ण भारावर साधारण ८ अँपिअर करंट घेते. २.५ चौ.मिमी तांब्याच्या ३०० मीटर केबलमध्ये एवढ्या करंटला सुमारे २८ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे ४१५ पैकी जवळपास ७ टक्के. ६ चौ.मिमी केबल असेल तर हीच घट १२ व्होल्टच्या आसपास राहते. हा हिशेब नव्या, अखंड केबलचा झाला. शेतात मात्र पाच-सहा तुकडे जोडलेले असतात. जोडावरचे तांबे हिरवे पडते, अॅल्युमिनियमवर पांढरा थर येतो, जोड तापतो आणि तापल्याने आणखी सैल होतो. तांबे व अॅल्युमिनियम नुसते पीळ देऊन जोडले असेल तर ओलाव्यात तो जोड फारच लवकर खराब होतो.

व्होल्टेज १० टक्के घटले की मोटरीची ओढ १९ टक्के घटते. पंपाचा भार फारसा कमी होत नाही, त्यामुळे मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापते आणि ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. फेरे थोडेच कमी होतात, म्हणून दाबातली घट लोकांना वाटते तेवढी नसते. खरे नुकसान वाया गेलेल्या तासांचे. वीज मोजके तास येते. त्यात मोटर दोनदा बंद पडली की शेवटचा प्लॉट कोरडा राहतो. डाळिंबात फळवाढीच्या काळात असा ताण पडून मग भरपूर पाणी मिळाले, तर फळे तडकतात.

ट्रिप होते म्हणून रिले किंवा सिंगल फेज प्रिव्हेंटर काढून मोटर थेट जोडणे, हा सर्रास दिसणारा प्रकार अजिबात करू नये. जुन्या जोडातून एक फेज तुटला तर उरलेल्या दोन फेजांवर भार येऊन मोटर जळते.

तपासणी वायरमनकडूनच करून घ्यावी. मोटर चालू असताना आधी स्टार्टरच्या पेटीत व नंतर विहिरीच्या किंवा बोअरच्या तोंडाशी तिन्ही फेजांमधील व्होल्टेज मोजावे. पेटीतच व्होल्टेज कमी असेल तर दोष डीपी किंवा लाइनचा. केबल बदलून पैसे वाया जातील. पेटीत ठीक आणि तोंडाशी १५-२० व्होल्टपेक्षा जास्त कमी असेल तर केबल बारीक आहे किंवा जोड खराब आहेत. पुरवठा बंद करून लगेच जोडाजवळ हात नेला तरी गरम जोड कळतो. मेगरवर इन्सुलेशन १ मेगाओहमपेक्षा कमी आले तर ती केबल वापरू नये, कारण तडकलेल्या आवरणातून ओल्या बांधावर व मोटरीच्या पाइपात करंट उतरतो. अर्थिंग त्याच दिवशी पाहून घ्यावे.

नवी केबल शक्यतो एकसंध घ्यावी. जोड टाळता येत नसेल तर लग दाबून, हीट-श्रिंक नळी चढवून जोड करावा. विहिरीतला जोड पावसाळ्यातील पाणीपातळीच्या वर ठेवावा. पाणबुडी मोटरीच्या वायरचा जोड पाण्यातच राहतो, त्यामुळे तो जलरोधक किट वापरूनच करावा. साध्या चिकटपट्टीवर भागवू नये.