विशेषण कोणाकडे बोट दाखवतं?

औषधाने रुग्णाचा घात झाल्याची बातमी वाचताना लक्ष 'औषध' या नामाकडे जातं, पण आरोपी कोण हे ठरतं त्याच्या आधीच्या विशेषणावर. 'चुकीचं औषध' म्हटलं की औषध निर्दोष सुटतं. दोष ते देणाऱ्याच्या हातात किंवा लिहून देणाऱ्याच्या चिठ्ठीत शोधायचा. 'बनावट औषध' म्हटलं की चौकशी कारखान्यापर्यंत जाते, 'भेसळयुक्त' म्हटलं तरी तिकडेच, फक्त गुन्हा बदलतो. 'मुदतबाह्य' म्हटलं की दुकानदाराची फळी तपासायची. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा ही वाटणी काटेकोरपणे करतो: फसव्या लेबलाचं औषध कलम 17 मध्ये, भेसळीचं 17अ मध्ये, बनावट 17ब मध्ये. 'चुकीचं औषध' असा प्रकार या यादीत नाही, आणि असणारही नाही, कारण बाटलीत बंद असलेलं औषध स्वतःहून चुकीचं असूच शकत नाही. ते कोणासाठी तरी, कधी तरी चुकीचं ठरतं. बोलण्यात आपणही ही वाटणी बरीच सांभाळतो. अलीकडच्या लिहिण्यात मात्र सगळ्याच नामांआधी 'चुकीचा' लावून मोकळं होण्याची सवय बळावते आहे, आणि तिचा फायदा बहुतेक वेळा दोषी माणसालाच मिळतो, असं मला वाटतं.

'चुकीचा' हे मुळात विशेषण नव्हेच. 'चूक' या नामाचं सामान्यरूप 'चुकी', त्याला 'चा' लागला. 'घराचा', 'लाकडाचा' यांच्याच जातीचा हा शब्द. त्याचा स्वभाव कळायला 'चुकणे' या क्रियापदाकडे जावं लागतं. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, काळजाचा ठोका चुकतो, जत्रेत पोर चुकतं. या सगळ्यांत काहीतरी जिथे असायला हवं होतं तिथे नाही, एवढंच सांगितलेलं आहे. वाक्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. 'त्याची गाडी चुकली' यात कर्ता गाडी आहे. घरातून उशिरा निघालेला माणूस 'त्याची' एवढ्या शब्दात अंग चोरून उभा आहे. त्याला पुढे आणायचं तर 'चुकवणे' लागतं, आणि ते आलं की हेतूही पाठोपाठ येतो: कर चुकवला, नजर चुकवली, तारीख चुकवली. 'चुकीचा' मात्र 'चूक'पासून घडलेला आहे, 'चुकवणे'पासून नव्हे. म्हणून त्याच्या अंगी क्षमा उपजतच आहे. व्यापाऱ्याच्या बिलाखाली 'चू. भू. द्या. घ्या.' छापलेलं असतं. त्यात चूक कोणाच्याही बाजूने होऊ शकते, ती समजल्यावर द्यायची-घ्यायची, असा दोन्ही बाजूंना बांधणारा करार आहे. दुहेरी वह्या ठेवणाऱ्याला या चार अक्षरांचा आडोसा मिळत नाही.

त्याच्यासाठी शब्द आहे 'खोटा'. खोटं नाणं, खोटी सही, खोटी साक्ष, खोटी शपथ, खोटा आळ: ही नामं एका रांगेत ठेवली की त्यांच्यातलं नातं दिसतं. या सगळ्या गोष्टी लोक विश्वासावर स्वीकारतात. नाणं प्रत्येक जण कसाला लावून पाहत बसला तर बाजार थांबेल, साक्षीदारावर सरसकट अविश्वास दाखवला तर न्यायालय. 'नेम' या शब्दाला 'खोटा' चिकटत नाही, कारण त्यावर कोणाचा भरवसा टांगलेला नसतो. काही नामांना दोन्ही विशेषणं चालतात, आणि तिथे फरक लख्ख होतो. चुकीच्या पत्त्यामुळे पोस्टमन हैराण होतो. खोट्या पत्त्यामुळे सावकार. यावर कोणी म्हणेल, की खोटे मोती आणि खोटे दागिने तर दुकानदार तसं सांगूनच विकतो, मग लबाडी कुठे आली? हरकत रास्त आहे. 'खोटा' हा शब्द आधी दिसणं आणि असणं यांतलं अंतर सांगतो. ते अंतर लपवलं की गुन्हा होतो, उघड केलं की स्वस्त दागिना. तरीही 'चुकीचे मोती' कोणी म्हणत नाही, हेही विसरू नये. कायद्यालाही हाच अर्थ लागतो. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 191 नुसार साक्ष खोटी ठरायला ती असत्य असणं पुरेसं नव्हतं. देणाऱ्याला ती असत्य असल्याचं माहीत असणं, तसं वाटत असणं किंवा ती खरी असल्याचा त्याचा विश्वास नसणं आवश्यक होतं. प्रामाणिकपणे चुकीचं सांगणारा साक्षीदार खोटा साक्षीदार नव्हे.

'गैर' अरबीतून फारसीमार्गे आला. शाही दरबारांच्या काळात फारसी शब्द मराठी कारभारात इतके मुरले होते, की शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला आणि त्यांना संस्कृत पर्याय दिले. 'गैर' मात्र टिकला, आणि आजही कचेरीच्या भाषेत त्याचा दबदबा आहे: गैरव्यवहार, गैरवापर, गैरवर्तन, गैरप्रकार. अधिकार, पैसा, वागणूक यांची समाजाने आखलेली रीत मोडली की 'गैर' येतो. 'गैरसोय' आणि 'गैरसमज' या नियमात बसत नाहीत, हे मान्य करायला हवं. तिथे शब्दाचा 'वेगळा, नसलेला' हा जुना अर्थ शिल्लक आहे आणि कोणावर ठपका नाही. 'भलता' हा शब्द 'गैर'च्या अगदी उलट आहे. भलत्या वेळी, भलतीकडे, भलता अर्थ, भलत्याच माणसाला. यात वस्तूत खोट नाही आणि रीतही मोडलेली नाही, फक्त जुळणी बिघडली आहे. बोलीतला हा झकास शब्द लेखी मराठीत कमी दिसतो. त्याची जागा बहुधा 'चुकीचा'नेच घेतली असावी.

ही सगळी शब्दांची सवय आहे, त्यात एवढा अर्थ कशाला शोधायचा, असा आक्षेप येईल. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाने 1950 च्या दशकात शब्दाच्या अर्थाचा एक भाग त्याच्या संगतीत असतो, अशी मांडणी केली. ती मान्य केली, तर 'नुसती सवय' या म्हणण्यातलं 'नुसती' गळून पडतं, कारण सवयीने जोडले गेलेले शब्द अर्थही सोबत नेतात. बियाण्याचं उदाहरण घ्या. पेरलेलं उगवलं नाही तर शेतकरी 'बोगस बियाणं' म्हणतो. अमेरिकी इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला 'बोगस' म्हणत. तो शब्द आपल्याकडे डॉक्टर, मतदार आणि बियाणं यांच्या आधी येऊन बसला, आणि तिन्ही ठिकाणी बरोबर बसला. आता त्याच बातमीत 'चुकीचं बियाणं' लिहून पाहा. कंपनी सुटली, विक्रेता सुटला. वाण निवडताना शेतकऱ्यालाच कळलं नाही, असा अर्थ आपोआप झाला. 'अधिकाऱ्याचं चुकीचं वर्तन' यातही तेच. 'गैरवर्तन' असेल तर चौकशी नेमावी लागते, 'चुकीच्या वर्तना'ला समज देऊन भागतं.

कायदे लिहिणाऱ्यांना या शब्दाचा मऊपणा पुरता ठाऊक असावा. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 20 मध्ये चुकीची, अपुरी किंवा दिशाभूल करणारी माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याला कमाल 25,000 रुपयांच्या दंडाची तरतूद आहे, पण ती 'जाणूनबुजून' दिलेली असली पाहिजे. हेतू वेगळ्या शब्दाने जोडावा लागला, कारण 'चुकीची' या शब्दात तो नाही.

सगळ्यात वजनदार हरकत पत्रकारांची आहे. माणसाच्या मनातलं बातमीदाराला दिसत नाही. 'खोटी माहिती' लिहिलं आणि हेतू सिद्ध झाला नाही तर अब्रुनुकसानीचा दावा अंगावर येतो. तेव्हा 'चुकीची' हा सावध शब्द वापरला तर काय बिघडलं? सावधपणा हवाच, पण 'चुकीची' हा शब्द तटस्थ नाही. हेतू नव्हता, असं तो सुचवतो, आणि तेही बातमीदाराला माहीत नसतं. खरोखर तटस्थ राहायचं तर 'निराधार' आहे, 'असत्य' आहे. त्यांत विधानाची तपासणी होते, बोलणाऱ्याची नाही. ('निराधार' हा शब्द एकीकडे नेत्यांवरच्या आरोपांना लागतो आणि दुसरीकडे संजय गांधी निराधार अनुदान योजनेतल्या लाभार्थ्यांना, यात भाषेचा काही इलाज नाही.) युरोप परिषदेसाठी 2017 मध्ये क्लेअर वॉर्डल आणि हुसेन देरख्शान यांनी केलेल्या अहवालात बिघडलेल्या माहितीचे तीन प्रकार पाडले: नकळत पसरलेली असत्य माहिती, अपाय करण्यासाठी मुद्दाम पसरवलेली असत्य माहिती, आणि खरी असूनही अपाय करण्यासाठी वापरलेली माहिती. पहिलीला आपल्याकडे 'चुकीची' आहे, दुसरीला 'खोटी'. तिसरीसाठी इंग्रजीत नवा शब्द रूढ करण्याचा खटाटोप चालू आहे. मराठीत तिला विशेषण लागतच नाही, ती चहाडी.