ढोलकी आमची, झोप मावशींची

झोपडी सुटून इमारतीत आलो. नळ घरात आला, संडास घरात आला, पण सरावाची जागा गेली. पूर्वी विहाराच्या ओट्यावर पेटी-ढोलकी घेऊन बसायचो. आता विहार तळमजल्यावर एका खोलीत, तिथे संध्याकाळी मुलांची अभ्यासिका. म्हणून जयंतीच्या गाण्यांचा सराव आम्ही आमच्या तीनशे चौरस फुटांच्या खोलीत सुरू केला. पहिल्या पाळीवरून आलो की, दुपारी.

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मावशी वर आल्या. त्या दवाखान्यात रात्रपाळी करतात. "जयभीम बाळांनो. गाणी बाबासाहेबांची, मी नको कशी म्हणू? पण चार दिवस डोळ्याला डोळा नाही, आणि बीपीची गोळी चालू आहे माझी."

आम्हाला मान वर करवेना. रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप आधीच तुटक असते. झोप सतत कमी पडली की बीपी आणि साखर आटोक्यात राहत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. मावशींची रात्र मात्र दुपारी!

फरशीला टेकलेल्या ढोलकीची धमक स्लॅबमधून थेट खाली उतरते. आता ढोलकीखाली गोधडीची चौघडी घालतो, सामाईक भिंतीपासून दूर बसतो, जाड आवाजाच्या बाजूवर फडके टाकतो. नवा ठेका बसवायचा तर तोंडाने बोल म्हणत मांडीवर नाहीतर उशीवर वाजवायचा. बोटे तयार व्हायला आवाज लागत नाही. पेटीची एकच खुंटी ओढावी, कीबोर्ड असेल तर हेडफोन लावावा. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून आम्हीही पाहिले. खोलीतला घुमारा थोडा कमी झाला, शेजारी आवाज होता तेवढाच. त्यापेक्षा कपड्यांनी भरलेले कपाट त्या भिंतीला लावलेले बरे.

स्वतःच्या कानांचेही पाहा. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असे धरले, तर 88 ला ती मुदत चार तासांवर येते. बंद खोलीत ढोलकी याहून चढते. सरावानंतर कानात शिट्टी वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या. कापसाचा बोळा पुरत नाही, औषधाच्या दुकानात स्पंजची बुचे मिळतात. शिट्टी थांबतच नसेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

मावशींच्या रात्रपाळीचे दिवस आता आमच्या दारामागे खडूने लिहिलेले असतात. त्या दिवशी नुसती उशी. परवा सुट्टीच्या दिवशी मात्र त्यांनीच नातवाकडून निरोप धाडला, दुसऱ्या कडव्याला ठेका घसरतो म्हणून.