क्वेरीचे उत्तर आणि स्तरित क्षेत्रालेख : काही गैरसमज

एखाद्या बेरजेतील घटक काळानुसार कसे बदलत गेले हे दाखवण्यासाठी त्यांचे रंगीत थर एकावर एक रचून जो आलेख काढला जातो, त्याला स्तरित क्षेत्रालेख किंवा स्टॅक्ड एरिया चार्ट म्हणतात. डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे, म्हणजे क्वेरीचे, उत्तर मिळाले की पुढचे काम आलेखाचे साधन निमूटपणे पार पाडते, हा समज मात्र खरा नाही.

समजा, ग्रंथालयातील देवघेवीच्या नोंदींचे महिना आणि भाषा यांनुसार ‘ग्रुप बाय’ वापरून गट पाडले आणि मे महिन्यात एकही गुजराती पुस्तक बाहेर गेलेले नव्हते. अशा वेळी उत्तरात शून्याची ओळ येईल असे गृहीत धरले जाते; परंतु गट अस्तित्वात असलेल्या नोंदींचेच पडत असल्यामुळे ती ओळच येत नाही, आणि काही साधने एप्रिल व जूनचे बिंदू सरळ जोडून मे महिन्यात कधीच न गेलेली पुस्तके रंगवून दाखवतात. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक महिना आणि प्रत्येक भाषा यांच्या सर्व जोड्यांची यादी आधी तयार करून (पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये महिन्यांसाठी ‘जनरेट सिरीज’ हे फंक्शन आहे) तिला प्रत्यक्ष नोंदी ‘लेफ्ट जॉइन’ने जोडणे, म्हणजे जुळणारी नोंद नसली तरी यादीतील ओळ टिकून राहते. येथेही एक मेख आहे: ‘काउंट’मध्ये तारांकन दिल्यास ती रिकामी ओळही मोजली जाऊन शून्याऐवजी 1 येतो, म्हणून नोंदींच्या तक्त्यातील स्तंभच मोजावा लागतो. शिवाय ग्रंथालय महिनाभर बंद असल्याने पुस्तके गेली नाहीत, की त्या महिन्याच्या नोंदीच हरवल्या, हे तपासल्याविना रिकाम्या जागी शून्य भरणे म्हणजे अज्ञानच माहिती म्हणून खपवणे होय.

दुसरा गैरसमज आलेख वाचण्याचा आहे. जानेवारीत मराठीची 120 व हिंदीची 80 आणि फेब्रुवारीत मराठीची 90 व हिंदीची 80 पुस्तके गेली, तर मराठीवर रचलेल्या हिंदीच्या थराची वरची कड 200 वरून 170 वर उतरते आणि हिंदीचे वाचन घटल्याचा भास होतो, वास्तविक तेथे काहीच बदललेले नसते. समान आधाररेषेवरील स्थान माणूस सर्वांत अचूक ओळखतो आणि क्षेत्रफळाचा अंदाज त्यामानाने चुकतो, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी 1984 मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडले. त्यामुळे ज्या घटकाविषयी मुख्य विधान करायचे आहे त्याला सर्वांत खालचा थर देणे इष्ट ठरते.

कोणतीही संख्या थरांत रचता येते, हेही खरे नाही. सरासरींची बेरीज निरर्थक असते. तसेच मराठी आणि हिंदी अशी दोन्ही पुस्तके नेणारा सभासद दोन्ही थरांत मोजला जात असल्याने, वेगवेगळ्या सभासदांची संख्या रचल्यास आलेखाची उंची ग्रंथालयाच्या एकूण सभासदसंख्येपेक्षाही जास्त भरू शकते.