विदर्भ क्रिकेट संघ

विदर्भ क्रिकेट संघ हा भारताच्या महाराष्ट्र राज्यातील विदर्भ विभागाचे प्रतिनिधित्व करणारा प्रथम श्रेणी क्रिकेट संघ आहे. संघाचे व्यवस्थापन विदर्भ क्रिकेट असोसिएशन (व्हीसीए) या संस्थेकडे असून तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. मुंबई आणि महाराष्ट्र या संघांसह रणजी करंडक स्पर्धेत खेळणारा हा राज्यातील तिसरा संघ होय. विभागीय स्पर्धांसाठी मात्र विदर्भाचा समावेश मध्य विभागात होतो. संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ या हंगामांत रणजी करंडक जिंकला आहे.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यपूर्व काळात नागपूर हे मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताच्या राजधानीचे शहर होते. १९३४-३५ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा या भागातील खेळाडू प्रांताच्या संघाकडून खेळत असत. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ मध्ये नागपुरात झाला. त्यांच्या क्रिकेटची सुरुवातही याच शहरात झाली. पुढे होळकर संस्थानाच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले.

राज्य पुनर्रचनेनंतर १९५७-५८ च्या हंगामात विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजी करंडकात उतरला. त्यानंतरची सुमारे सहा दशके संघाला विजेतेपदाने हुलकावणी दिली. या काळात संघ एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नाही. नागपुरात १९६९ पासून कसोटी सामने होत होते, परंतु त्या सामन्यांत भारताकडून खेळणारे विदर्भाचे खेळाडू नव्हते. मैदान होते, प्रेक्षक होते, मात्र स्थानिक संघाची गणना दुबळ्या संघांतच होत असे.

पुनर्बांधणी

२००८ मध्ये नागपूरबाहेर वर्धा मार्गावरील जामठा येथे असोसिएशनचे नवे स्टेडियम आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी खुले झाले. त्याच सुमारास असोसिएशनने निवासी अकादमी सुरू केली आणि जिल्ह्यांतील होतकरू मुलांना नियमित प्रशिक्षण मिळू लागले. बाहेरील राज्यांतील अनुभवी खेळाडूंना करारबद्ध करण्याच्या सवलतीचाही संघाने विचारपूर्वक उपयोग केला. सुब्रमण्यम बद्रीनाथ, गणेश सतीश आणि वसीम जाफर हे फलंदाज या मार्गाने विदर्भाकडे आले. मुंबईकडून अनेक रणजी विजेतेपदे अनुभवलेला जाफर २०१५-१६ च्या हंगामापासून विदर्भाकडून खेळू लागला. २०१७-१८ च्या हंगामासाठी माजी कसोटी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित यांची प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. त्यांची कडक शिस्त हा संघाच्या पुढील यशातील महत्त्वाचा घटक मानला जातो.

पहिले विजेतेपद (२०१७-१८)

फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने या हंगामात प्रथमच रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाविरुद्ध झालेला उपांत्य सामना संघाच्या इतिहासातील सर्वांत चुरशीच्या सामन्यांपैकी एक होय. पहिल्या डावात विदर्भाचा संघ १८५ धावांत बाद झाला आणि कर्नाटकाला ११६ धावांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा करून कर्नाटकासमोर १९८ धावांचे लक्ष्य ठेवले. वेगवान गोलंदाज रजनीश गुरबाणीने ६८ धावांत ७ गडी बाद केले आणि कर्नाटकाचा डाव १९२ धावांवर संपुष्टात आला. विदर्भाचा विजय अवघ्या ५ धावांनी झाला.

दिल्लीविरुद्धचा अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर २९ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाला. दिल्लीच्या पहिल्या डावात ध्रुव शोरीने १४५ धावा केल्या, तर गुरबाणीने हॅटट्रिकसह ५९ धावांत ६ गडी बाद करून डाव २९५ धावांवर रोखला. हॅटट्रिकमधील तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत झाले. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा गुरबाणी हा तमिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांच्यानंतरचा दुसराच गोलंदाज ठरला. यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३ धावांच्या जोरावर विदर्भाने ५४७ धावांचा डोंगर उभारला. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने ९ गडी राखून सामना जिंकला. फजलने हंगामात ९१२ धावा केल्या.

त्यानंतर नागपुरात झालेल्या इराणी करंडक सामन्यात शेष भारताविरुद्ध विदर्भाने ७ बाद ८०० धावांवर डाव घोषित केला. त्यात जाफरच्या २८६ धावांचा समावेश होता. पहिल्या डावातील आघाडीच्या आधारे हा करंडकही विदर्भाकडे आला.

विजेतेपद राखले (२०१८-१९)

पुढील हंगामात जाफरने १,०३७ धावा केल्या. वायनाडमधील कृष्णगिरी येथे केरळविरुद्ध झालेला उपांत्य सामना दोनच दिवसांत संपला. उमेश यादवने दोन्ही डावांत मिळून १२ गडी बाद केले आणि विदर्भाने एक डाव व ११ धावांनी विजय मिळवला. जामठा येथील अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटेने ११ बळी घेतले. चेतेश्वर पुजाराला त्याने दोन्ही डावांत स्वस्तात बाद केले. पुजाराच्या धावा होत्या अनुक्रमे १ आणि ०. विदर्भ ७८ धावांनी विजयी झाला आणि रणजी विजेतेपद राखणारा सहावा संघ ठरला. त्याच महिन्यात विदर्भाने इराणी करंडकही राखला. या सामन्यातील बक्षिसाची रक्कम पुलवामा हल्ल्यातील हुतात्मा जवानांच्या कुटुंबीयांना देण्याचे संघाने जाहीर केले.

२०२३-२४ आणि २०२४-२५

अक्षय वाडकरच्या नेतृत्वाखाली विदर्भाने मार्च २०२४ मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर यजमान संघाने विजयासाठी ५३८ धावांचे लक्ष्य दिले. वाडकरच्या शतकामुळे विदर्भाने ३६८ धावांपर्यंत झुंज दिली, परंतु मुंबईने १६९ धावांनी विजय मिळवला.

पुढील हंगामात उपांत्य फेरीत याच मुंबईचा नागपुरात ८० धावांनी पराभव करून विदर्भाने त्या पराभवाची परतफेड केली. अंतिम सामना प्रथमच अंतिम फेरीत आलेल्या केरळविरुद्ध झाला. पहिल्या डावात दानिश मालेवारने १५३ धावा केल्या, तर दुसऱ्या डावात करुण नायरने १३५ धावा केल्या. २ मार्च २०२५ रोजी सामना अनिर्णित राहिला आणि ३७९ विरुद्ध ३४२ अशा पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाला तिसरे विजेतेपद मिळाले. विदर्भाला दुसरे विजेतेपद मिळवून देणारा सरवटे या सामन्यात केरळकडून खेळला, तर २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध शतक झळकावणारा शोरी आता विदर्भाच्या संघात होता.

या हंगामात डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. रणजी करंडकाच्या एका हंगामातील हा सर्वाधिक बळींचा विक्रम ठरला. यश राठोडने सर्वाधिक ९६० धावा केल्या. विजय हजारे करंडक स्पर्धेतही विदर्भ उपविजेता ठरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेष भारताचा ९३ धावांनी पराभव करून संघाने तिसऱ्यांदा इराणी करंडक जिंकला.

उल्लेखनीय खेळाडू

प्रशांत वैद्य – वेगवान गोलंदाज. १९९० च्या दशकात भारताकडून एकदिवसीय सामने खेळला.

उमेश यादव – खाणकामगाराच्या कुटुंबात वाढलेला वेगवान गोलंदाज. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी पदार्पण केले. नोव्हेंबर २०११ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध दिल्लीत कसोटी पदार्पण करून तो विदर्भातर्फे खेळून कसोटी संघात पोहोचलेला पहिला खेळाडू ठरला. ५७ कसोटी सामन्यांत त्याने १७० बळी घेतले.

फैज फजल – नागपूरचा डावखुरा सलामीवीर आणि सलग दोन रणजी विजेतेपदे मिळवणारा कर्णधार. २०१६ मध्ये हरारे येथे झिम्बाब्वेविरुद्ध खेळलेल्या एकमेव एकदिवसीय सामन्यात नाबाद ५५ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ९,००० हून अधिक धावा काढून तो २०२४ मध्ये निवृत्त झाला.

वसीम जाफर – रणजी करंडकात १२,००० धावांचा टप्पा ओलांडणारा पहिला फलंदाज. हा टप्पा त्याने २०२० मध्ये विदर्भाकडून खेळताना गाठला.

अक्षय कर्णेवार – दोन्ही हातांनी फिरकी गोलंदाजी करणारा अष्टपैलू. २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने आपली चारही षटके निर्धाव टाकली.

जितेश शर्मा – अमरावतीचा यष्टिरक्षक-फलंदाज. २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताकडून ट्वेंटी-२० पदार्पण.

मैदाने

संघाचे मुख्य मैदान जामठा येथील विदर्भ क्रिकेट असोसिएशन स्टेडियम हे आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये तेथे झालेला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा पहिला कसोटी सामना हा सौरव गांगुलीचा अखेरचा कसोटी सामना ठरला. त्यापूर्वीचे आंतरराष्ट्रीय सामने सिव्हिल लाईन्स येथील जुन्या मैदानावर होत असत. १९८७ च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने घेतलेली हॅटट्रिक आणि सुनील गावसकरचे एकमेव एकदिवसीय शतक याच मैदानावरील होय.

विजेतेपदे

रणजी करंडक: विजेते – २०१७-१८, २०१८-१९, २०२४-२५, उपविजेते – २०२३-२४

इराणी करंडक: विजेते – २०१७-१८, २०१८-१९, २०२५-२६

विजय हजारे करंडक: उपविजेते – २०२४-२५