कानाने पेटीवादन आणि गीताची अंगे : जुन्नर परिसरातील गायनपरंपरेच्या संदर्भात

लोकप्रिय गीत केवळ ऐकून पेटीवर किंवा कीबोर्डवर काढणे, यास सामान्यतः ‘कानाने वाजविणे’ असे म्हटले जाते. स्वरलिपी वाचता न येणारे अनेक वादक याच मार्गाने उत्तम वादन करतात. मात्र नवशिक्या वादकाची एक अडचण वारंवार दिसून येते. त्याला ध्रुवपद सहज साधते. अंतरा सुरू होताच हात अडखळतो आणि तो पुन्हा पहिल्या ओळीपासून आरंभ करतो. स्वरज्ञानाचा अभाव हे याचे नेहमी सांगितले जाणारे कारण अपुरे आहे. गीत ही स्वरांची एक लांबलचक माळ आहे असे समजून ते पाठ केलेले असते, हे खरे कारण होय.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या दरम्यान वसलेल्या पिंपळवंडीच्या भोवताली गीताची अंगे कानाला ओळखून देणाऱ्या दोन परंपरा नांदतात. नारायणगाव ही विठाबाई नारायणगावकरांमुळे सर्वदूर परिचित झालेली तमाशाची भूमी. तर तालुक्यातील ओतूर येथे तुकोबांचे गुरू मानल्या गेलेल्या बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. भजनात चरण एकटा गायक म्हणतो आणि ध्रुवपद सारे टाळकरी उचलतात. तमाशाच्या फडात गाणाऱ्याच्या मागे झीलकरी झील धरतात. एक अंग संपून दुसरे कोठे सुरू झाले, हे श्रोत्यास स्वरांआधी आवाजांच्या संख्येवरूनच उमगते. पाश्चात्त्य पॉप गीतातील ‘कोरस’ या नावामागेही हाच समूहगानाचा अर्थ आहे.

येथे एक भेद मात्र ध्यानात घ्यावयास हवा. पॉप गीतात बहुधा कडवे आधी येते व कोरस नंतर. मराठी भावगीत वा चित्रपटगीत ध्रुवपदानेच उघडते आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर त्याकडे परतते. परतताना पुष्कळदा संपूर्ण ध्रुवपद न येता केवळ त्याची पहिली ओळ, म्हणजे मुखडा, येतो. इंग्रजी पाठांवरून शिकलेला तरुण पॉपचा आराखडा भावगीतावर बसवू पाहतो आणि तेथेच फसतो.

अंतऱ्याची चाल सहसा मध्य सप्तकाच्या उत्तरांगात सरकते व तार षड्‌जास स्पर्श करते. त्यामुळे अंतऱ्याचा आरंभ ओळखणे फारसे कठीण नाही. खरी कसोटी त्याच्या शेवटच्या ओळीची असते. ही ओळ वरून खाली उतरते आणि मुखड्याच्या पहिल्या स्वराच्या आसपास येऊन थांबते. मुखडा गंधारावर उठत असेल, तर जोडणारी ओळ ऋषभावर वा मध्यमावर विसावण्याचा संभव अधिक. म्हणून वादकाने प्रथम मुखड्याचा उठावाचा स्वर निश्चित करावा, मग अंतऱ्याचा अखेरचा स्वर, आणि मधली वाट त्यानंतर शोधावी. शिवाय मुखडा नेहमी समेवर सुरू होत नाही. आठ मात्रांच्या केरव्यात तो समेआधीच उचलला गेला असेल आणि वादकाने पहिले अक्षर समेवर धरले, तर स्वर अचूक असूनही गाणे तबल्याशी जुळत नाही. हा दोष स्वरांचा समजून वादक तासन्‌तास चुकीच्या ठिकाणी शोध घेत राहतो!

दोन अंतऱ्यांमधील वाद्यसंगीत वेगळे ऐकावे. पहिल्या व तिसऱ्या अंतऱ्यापूर्वीचे तुकडे अनेकदा सारखे असतात, दुसरा निराळा. साथीच्या पेटीवर ते वगळले तरी चालतात, परंतु त्यांच्या मात्रा मोजलेल्या असाव्यात. पॉप गीतात क्वचित शेवटचा कोरस अर्ध्या स्वराने चढविलेला असतो. काळी एकमधून वाजविणाऱ्याने अशा वेळी पांढरी दोनचा षड्‌ज धरावा. चाल तीच राहते.

अंगांच्या या ओळखीचा उपयोग प्रत्यक्ष साथीत सर्वाधिक होतो. जत्रेतल्या कार्यक्रमात ‘वन्स मोअर’ मिळाला की गायक अंतऱ्याच्या मध्यावरून थेट मुखड्यावर येतो. कीर्तनात बुवा एकच चरण चार वेळा घेतात आणि पाचव्यांदा अर्ध्यावर सोडून निरूपणास लागतात. माळ पाठ केलेल्याचा हात अशा प्रसंगी पेटीवरून उचलला जातो. अंग ओळखणारा तोवर षड्‌ज धरून ठेवतो आणि बुवा पुन्हा ध्रुवपद उचलतील त्या क्षणी त्यांच्याबरोबर असतो.