सॉफ्टवेअर की वेब?

गेल्या जूनमधली गोष्ट. पौडच्या स्टँडवर एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. शेजारी एक ओळखीचे शेतकरी गृहस्थ आले, रामराम झाला आणि लगेच त्यांनी विचारलं, "सर, पोरगी बारावी सायन्स झाली. तिला सॉफ्टवेअरला घालू का वेबला? क्लासवाला म्हणतो वेबला घाला, तीन महिन्यांत नोकरी. भाचा म्हणतो सॉफ्टवेअरच खरं." गाडी यायला वीस मिनिटं होती. तेवढ्यात मी जे सांगितलं ते अपुरं होतं. म्हणून आज तोच विषय जरा सविस्तर मांडतो.

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक, संगणकाचा पंडित नव्हे. परंतु माझे कित्येक विद्यार्थी या धंद्यात गेले, काही वर चढले, काही परत आले. त्यांच्याकडून मी शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो.

हा प्रश्न मुळशीत विचारला जातो, त्याला कारण आहे. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं मुळशी तालुक्यातलीच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस औद्योगिक विकास महामंडळानं तिथं माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभारायला घेतली आणि भातखाचरांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. देशभरातून आलेली मुलं आत जाऊन संगणकापुढं बसतात. आपल्या तालुक्यातली पुष्कळ मुलं मात्र त्याच इमारतींच्या फाटकावर पहारा करतात, गाड्या चालवतात, नाही तर खोल्या भाड्यानं देतात. त्या कामांत कमीपणा मुळीच नाही. पण जमीन आपली आणि फळ दुसऱ्याचं, हा अनुभव मुळशीला नवा नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, वीज मुंबईला गेली. तेव्हा मुळशीकरांना निवड करायला कोणी विचारलंच नव्हतं. आज निदान एवढी निवड आपल्या हातात आहे. ती समजून करावी.

आता मूळ मुद्दा. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या हुकमांची मालिका. गावच्या दूध डेअरीत काटा वजन घेतो, यंत्र फॅट मोजतं, दर लागतो आणि चिठ्ठी बाहेर येते. त्या पेटीच्या आत कुणीतरी लिहून ठेवलेले हुकूम आहेत. मोटारीचं इंजिन सांभाळणारे, बँकेची खतावणी ठेवणारे, मोबाइलच्या पोटात चालणारे, सगळे हुकूम म्हणजे सॉफ्टवेअरच. वेब म्हणजे त्यातला एक प्रांत: जे काम इंटरनेटवरून, ब्राउझर नावाच्या खिडकीतून चालतं ते. तात्पर्य, "सॉफ्टवेअर की वेब" हा प्रश्न "शेती की भातशेती" असं विचारण्यासारखा आहे. भात हीसुद्धा शेतीच. तरीपण भातकऱ्याला चिखलणी आली पाहिजे आणि ऊसवाल्याला बेणं निवडता आलं पाहिजे. कसब निराळं असतं.

वयानं पाहिलं तर सॉफ्टवेअर थोरलं. टाटा कन्सल्टन्सी ही कंपनी आपल्या देशात १९६८ साली निघाली, तेव्हा वेबचा जन्मही झाला नव्हता. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानं जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९१ साली ती जगाला खुली झाली. भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून.

वेबचं काम कसं असतं ते सातबाऱ्यावरून चांगलं कळतं. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या काढता येतो. आपण मोबाइलवर जिल्हा, तालुका, गाव निवडतो, गट नंबर टाकतो. हे जे दिसतं, ती वेबची पुढची बाजू. रकाने कुठं, अक्षर केवढं, चुकीचा नंबर टाकला तर काय सांगायचं, हे सगळं तिथं ठरतं. त्यासाठी एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट शिकावं लागतं. पण उतारा येतो कुठून? दूर कुठंतरी असलेल्या मोठ्या संगणकावर नोंदींची कोठी असते. मागणी आली की कोठीतून नेमकी नोंद काढायची, पैसे जमा झाले की नाही पाहायचं, सही जोडायची आणि कागद परत पाठवायचा, ही मागची बाजू. तिथं पायथन, जावा किंवा पीएचपीसारखी भाषा आणि कोठीशी बोलण्यासाठी एसक्यूएल लागतं. जाहिराती बहुधा पुढच्या बाजूच्या असतात, आणि पगार मागच्या बाजूला समजून घेणाऱ्याला बरा मिळतो, असं माझे विद्यार्थी सांगतात.

वेबचा मोठा गुण म्हणजे केलेलं लगेच दिसतं. सकाळी लिहिलं, दुपारी पाहिलं. साधारण संगणकावरही शिकता येतं. चूक झाली तर एका ठिकाणी दुरुस्त केली की साऱ्या गिऱ्हाइकांना दुरुस्त झालेलं मिळतं. मात्र दार साऱ्या जगाला उघडं, म्हणून चोरही येणार आणि गर्दीही होणार. दहावीच्या निकालाच्या दिवशी पान उघडता उघडत नाही, हा अनुभव प्रत्येक गुरुजींना असेल. लाखो माणसं एकाच घटकेला दार ठोठावतात तेव्हा ते उघडं कसं ठेवावं, हे वेबमधलं खरं अवघड शास्त्र आहे. ते तीन महिन्यांत येत नाही.

उलट, यंत्राच्या पोटात बसणारं सॉफ्टवेअर एकदा बाहेर पडलं की परत बोलावणं कठीण. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत आकाशात फुटला. कारण काय, तर आधीच्या एरियान-४ साठी लिहिलेला हुकमांचा एक भाग तसाच उचलून वापरला होता. नव्या अग्निबाणाचा वेग जास्त, त्यामुळे एक आकडा ठरलेल्या जागेत मावेनासा झाला. अडीच पायलीचं धान्य पायलीच्या मापात ओतावं तसं झालं, आणि मार्ग दाखवणारं यंत्रच बंद पडलं. अशा कामाला सी, सी++ यांसारख्या भाषा, गणिताचा पाया, यंत्राच्या आतल्या रचनेची माहिती आणि पुन्हा पुन्हा तपासण्याची चिकाटी लागते. पुण्याच्या परिसरात मोटारींचे कारखाने असल्यामुळे गाड्यांत बसणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम इथं बरंच चालतं, हे पालकांना सहसा ठाऊक नसतं.

इथं माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका क्लासची झगमगती जाहिरात पाहून मीच एका विद्यार्थ्याला म्हणालो, "जा, वेब शिकून घे." वडिलांनी एक म्हैस विकून फी भरली. तीन महिन्यांनी तयार पानाचे रंग बदलणं आणि चित्रं हलवणं त्याला छान जमू लागलं. मुलाखतीत मात्र विचारलं, "एक हजार नावांची यादी आहे, त्यात दोनदा आलेली नावं शोधून दाखव." पोरगा गप्प झाला. ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो माझ्यावर रागावला नाही, पण त्याच्या वडिलांसमोर मला मान वर करता आली नाही. पुढं त्यानं दोन वर्षं धीर धरून पाया पक्का केला. आज तो पिरंगुटच्या एका कारखान्यात गोदामाचा हिशेब ठेवणारी व्यवस्था सांभाळतो. ती ब्राउझरमध्ये उघडते, आणि तिच्या आत पक्कं सॉफ्टवेअर आहे. तेव्हा त्याला वेबवाला म्हणावं की सॉफ्टवेअरवाला?

आणखी एक बदल अलीकडचा आहे. साधंसुधं पान आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्रच मिनिटभरात लिहून देतं. म्हणून नुसती पानं सजवण्याच्या कामावर पोट भरणं उत्तरोत्तर कठीण होणार. यंत्रानं लिहिलेलं बरोबर आहे की चूक, हे ओळखणारा माणूस मात्र लागणारच, आणि ती ओळख पायाशिवाय येत नाही.

म्हणून माझं मत असं की बारावीनंतर पहिल्या वर्षी दोन वाटा मानूच नयेत. एक भाषा, मग ती सी असो की पायथन, नीट शिकावी. एसक्यूएल शिकावं. इंग्रजीतलं तांत्रिक लेखन वाचून समजेल इतकी तयारी करावी; बोलणं मागाहून येतं. त्यानंतर मुलाचा कल पाहावा. माणसांना काय सोपं जाईल याचा विचार ज्याला आवडतो त्यानं वेबकडे जावं. घड्याळ उघडून आत पाहणारं पोर असेल तर त्याला यंत्राजवळच्या कामाला लावावं. घरची ओढही पाहिली पाहिजे. लवकर कमाई हवी असेल तर वेबमध्ये छोटी कामं मिळतात. ताम्हिणीच्या वाटेवरच्या कृषी पर्यटनवाल्यांनाही संकेतस्थळ लागतंच. तीन-चार वर्षं थांबण्याची ऐपत असेल तर पदवी घ्यावी. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्गही आहे. आणि हेही सांगून ठेवतो की मोठ्या कंपनीत नव्या माणसाला निवड क्वचितच मिळते. कंपनी प्रशिक्षण देते आणि जिथं गरज तिथं बसवते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेत संगणक एकच असेल, बंद असेल, तरी हे शिक्षण अडत नाही. वर्गातल्या ४० मुलांतून सर्वांत उंच मूल शोधायला मुलांनाच सांगा. दोघं उभी राहतील, बुटकं बसेल, उंच तिथंच राहील, पुढचं येईल. ३९ तुलनांत काम होतं. आता साऱ्यांची उंचीप्रमाणे रांग लावा. प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडून पाहिलं तर ७८० तुलना होतात. कमी तुलनांत जमेल का, हे मुलांना शोधू द्या. अकारविल्हे लावलेल्या १,००० नावांतून एक नाव दर वेळी यादी मधोमध मोडून शोधलं, तर दहा पायऱ्यांत सापडतं. अगदी हेच प्रश्न पुढं मुलाखतीत विचारले जातात, आणि त्यांची उत्तरं प्रार्थनेच्या मैदानावरही शिकता येतात.

पौडच्या स्टँडवरच्या गृहस्थांची मुलगी दिवाळीच्या सुट्टीत भेटली. तिनं संगणकशास्त्रात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे. सध्या सी भाषा आणि गणित चालू आहे. गावच्या डेअरीच्या चिटणिसांनी तिला जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला आहे. वजन, फॅट आणि दर घालून दहा दिवसांचं बिल काढणारे हुकूम तिनं लिहिले आहेत. दोन बिलं बरोबर जुळली. तिसऱ्यात सव्वाचार रुपयांचा फरक येतो, आणि चूक तिची की डेअरीची, हे ती अजून शोधते आहे.